काटा खोटं बोलला तर?

दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेची सहल ठरली, की म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन गार्डन आलंच. पण म्हैसूरहून किनाऱ्याच्या वाटेने परतणाऱ्यांच्या यादीत हल्ली मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेटही असतं. तिथे काय? तर स्कूबा डायव्हिंग! आपल्या मालवण-तारकर्लीलाही तेच. पोरं हट्ट धरतात, आई-बाबा पैसे मोजतात आणि थोड्याच वेळात सगळं कुटुंब पाण्याखाली मासे बघत असतं.

या गडबडीत एका वस्तूकडे कुणाचंच लक्ष जात नाही. रबरी नळीच्या टोकाला लोंबणारी, तळहातात मावेल एवढी तबकडी. प्रेशर गेज. पाठीवरच्या नळकांड्यात किती हवा उरली, ते ही तबकडी सांगते.

नळकांड्यात ऑक्सिजन असतो, असं आपण समजतो. सहलीच्या डायव्हिंगला असते ती साधी हवाच, फक्त दाबून भरलेली. मोटारीच्या चाकात साधारण सव्वादोन बार दाब असतो, इथे 200 बार! त्यामुळे 12 लिटरच्या नळकांड्यात जवळपास 2400 लिटर हवा मावते. पण 10 मीटर खाली गेलात, की प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. म्हणून नुसत्या घड्याळावर विसंबून चालत नाही. काटा पाहत राहायचं आणि 50 बार शिल्लक असतानाच वर यायचं.

कूस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये हे श्वसनयंत्र बनवलं, त्यानंतरही बरीच वर्षं अनेक पाणबुडे गेजशिवायच उतरत. श्वास जड झाला, की एक दांडी ओढून राखीव हवा मोकळी करायची. ती दांडी कशाला तरी अडकून आधीच ओढली गेली असली, तर? देवाचं नाव घ्यायचं!

गेजच्या आत आहे तरी काय? गुंडाळलेली एक चपटी, पोकळ धातूची नळी. आत दाब वाढला, की ती किंचित उलगडते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या बूर्दाँ यांनी 1849 मध्ये काढलेली ही युक्ती पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरही दिसते.

आता दुरुस्तीचं. आपण मराठी माणसं मिक्सरपासून छत्रीपर्यंत काहीही दुरुस्त करून वापरणारे. इथेही काही गोष्टी होतात. नळी आणि गेज जिथे जुळतात, तिथून बारीक बुडबुडे येत असतील, तर दोष बहुधा आतल्या इवल्याशा रबरी कड्यांचा. जाणकार माणूस हवा बंद करून, नळीतला दाब काढून त्या बदलतो. काम स्वस्त आणि पटकन होणारं. नळीला चिरा गेल्या, तर नळी नवी.

पण काचेच्या आत पाणी किंवा धुकं दिसलं, हवा सोडून दिल्यावरही काटा शून्यावर येईना, किंवा मध्येच अडकून झटक्याने हलू लागला, तर ठोकपीट नको. ते गेज सरळ बदलायचं. खारं पाणी एकदा आत शिरलं, की धातू गंजतो आणि काटा खोटं बोलू लागतो. 20 बार उरलेले असताना 70 दाखवणारा काटा बंद पडलेल्या काट्यापेक्षा वाईट. बंद पडलेला निदान कळतो तरी! कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, तर आपण त्याला डाग लावून वापरत नाही, नवाच आणतो. तसंच हे. शंका असेल, तर त्याच नळकांड्याला दुसरं गेज लावून आकडे ताडून बघतात.

हौशी पर्यटकाबरोबर प्रशिक्षक असतो आणि काटा तोच बघतो, हे खरं. तरीही बोटीवर बसल्या बसल्या आपणही बघावं. नळकांड्याची चावी उघडताना गेजची काच कुणाच्याही तोंडासमोर नको, काच फुटू शकते. मग काट्यावर नजर ठेवून तोंडातून चार-पाच मोठे श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर चावी बहुधा अर्धवटच उघडली आहे. उडी मारण्याआधीच प्रशिक्षकाला सांगा.