अंगणातील द्राक्षवेल आणि तिचे शत्रू

वेलीला कीड लागली की मनुष्य प्रथम विचारतो, "औषध कोणते मारू?" राजूरला आमच्या दारात मांडवावर द्राक्षाची एक वेल आहे. तिच्या पायी आम्हीही हाच प्रश्न दुकानदाराला विचारीत होतो. अनुभवाअंती आमचे मत असे झाले की, कीड कोणती, ती राहते कोठे आणि हाती लागते केव्हा, हे आधी विचारावे. चार माणसांच्या घरच्या वेलीवर मग विषाची पाळी बहुधा येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीनंतर डोळे फुगू लागले की पहिला शत्रू येतो तो उडद्या भुंगेरा. हा लहानसा, तांबूस चकचकीत किडा फुगलेला डोळाच पोखरतो; म्हणजे घड जन्मण्यापूर्वीच गेला. मादी खोडाच्या सुटलेल्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या जमिनीत मुळांवर जगतात. म्हणून छाटणीच्या वेळी सुटी साल हाताने काढून जाळावी. सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात. तेव्हा खाली धोतर अंथरून वेल हलवावी आणि पडलेले किडे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. आठ-दहा दिवसांचे हे काम घरातील मुलेसुद्धा आनंदाने करतात.

दुसरा शत्रू फुलकिडे. हे इतके बारीक की सहसा नजरेस येत नाहीत. कोवळे पान, फुलोरा आणि मणी खरवडून ते रस शोषतात. पुढे मण्यावर तपकिरी खरखरीत डाग राहतो. फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी, म्हणजे ते चालताना दिसतात. यांच्यावर निंबोळी अर्क चालतो. वाळलेल्या निंबोळीच्या गराची पूड एका लिटर पाण्याला 50 ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावी. आधी दोन-चार पानांवर मारून पाहणे बरे. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी झाडाखाली फुकट पडतात. तेव्हाच वेचून वाळवून ठेवाव्यात.

खाणीच्या गावाला धुळीचे दुखणे वेगळे. धूळ बसलेल्या पानांवर लाल कोळी फावतो. हा आठ पायांचा जीव खरे तर कीटकही नव्हे. पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारून पाने धुतली की तो पुष्कळ आटोक्यात राहतो.

सर्वांत चिवट शत्रू पिठ्या ढेकूण. कापसासारखे पांढरे पुंजके करून तो रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढून घड वाया जातो. एका वर्षी आम्ही कपाशीचे उरलेले विष त्यावर मारले. पंधरवडाभर वेल स्वच्छ दिसली, नंतर पूर्वीपेक्षा दुप्पट ढेकूण झाले. कारण पुढे उमगले. मुंग्या चिकट्याच्या लोभाने ढेकणांची राखण करतात आणि ढेकणांना खाणारे भुंगेरे हुसकून लावतात. आमच्या विषाने ते भुंगेरे मेले. सालीखालचे ढेकूण मात्र वाचले.

या भुंगेऱ्यांपैकी क्रिप्टोलिमस नावाचा मूळचा ऑस्ट्रेलियातला. तो 1898 साली कॉफीवरील किडीसाठी हिंदुस्थानात आणला गेला. त्याची अळीही पांढऱ्या मेणाने झाकलेली असते, त्यामुळे लोक तिला ढेकूण समजून चिरडतात. ती ढेकणापेक्षा मोठी व चपळ असते, एवढी खूण लक्षात ठेवावी. खोडाला कागदाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावावे, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होते. मांडवाचे खांब विसरू नयेत. पुंजके ओल्या फडक्याने पुसावेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो इस्पितळात पडली. त्यांत शेतकरी होते, तसे रोजाने फवारणारे मजूरही होते. खाणीत उतरणाऱ्याच्या डोक्यावर टोपी नसेल तर आम्ही काम थांबवायला लावतो. डोक्याएवढ्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन शिरणाऱ्याच्या तोंडावर साधे फडके आहे की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता. त्याची संघटनाही नव्हती.

आपण विषाला औषध म्हणतो, तेथूनच चूक सुरू होते. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल. त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. लाल-पिवळ्या त्रिकोणाचा डबा घरच्या वेलीजवळ आणूच नये, आणि पाच रुपये जास्त देऊन तो दुसऱ्याच्या हातून मारवून तर मुळीच घेऊ नये. दोन घड किडीने खाल्ले तर खाऊ द्यावेत. उरलेले मुलांच्या हातात निर्धास्तपणे देता येतात.