कॅनमधलं पेट्रोल

पेट्रोल महागणार अशी कुणकुण लागली की सास्तूरसारख्या गावात पाच-दहा लिटरचे कॅन बाहेर निघतात. फवारणीचा पंप, मोटारसायकल, पंपापर्यंतचा हेलपाटा, सगळं खरं आहे. पण हिशेब करू. लिटरमागे 2 रुपये वाढले, तर 20 लिटरच्या साठ्यावर वाचतात 40 रुपये.

त्या 40 रुपयांसाठी घरात काय येतं? पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत शेजारच्या खोलीतल्या देवघराच्या दिव्यापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोचते. हवेत दीड टक्का वाफ मिसळली तरी ठिणगी पुरते. म्हणूनच अर्धा रिकामा कॅन मला भरलेल्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो, कारण त्यात वाफेला जागा असते.

1934 चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो. पण भांडं घट्ट बुचाचं हवं, धातूचं असल्यास 25 लिटरपर्यंत, काचेचं असल्यास फक्त एक लिटरचं. तेलाचा जुना प्लॅस्टिक कॅन त्यात बसत नाही.

शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर सैल झाकणाखाली राहिलं आणि पाणी जास्त झालं, की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. फवारणीच्या पंपाचं इंजिन नेमका तोच थर आधी ओढतं.