‘उजाडलं.’ हे वाक्य आहे का?

‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या प्रश्नाला पोराने एका शब्दात उत्तर दिलं की लाल रेघ ठरलेली. बहुधा तिथूनच समज पक्का होतो, की कर्ता नाही म्हणजे वाक्य अपुरं.

मग ‘उजाडलं.’ यातला कर्ता शोधून दाखवा. कोण उजाडलं? कोणीच नाही. आपलं व्याकरण अशा क्रियापदाला भावकर्तृक म्हणतं; ‘सांजावलं’, ‘मळमळतंय’ ही त्याचीच भावंडं. रशियनमध्येही ‘उजाडतंय’साठी ‘स्वेतायेत’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीला मात्र ती रिकामी जागा सोसवत नाही. पाऊस पडायचा तरी ‘इट’ नावाचा नामधारी कर्ता उभा करावा लागतो. आणि ‘हा माझा भाऊ.’ यात तर क्रियापदच नाही. रशियन, अरबीतही वर्तमानकाळात असंच चालतं.

दुसरा समज असा, की वाक्य तोकडं म्हणजे माहितीही तोकडी. ‘जेवलीस?’ घ्या. समोर एकच व्यक्ती आहे, ती बाई आहे, तिच्याशी अगंतुगं करण्याइतकी सलगी आहे आणि जेवणाची वेळ होऊन गेली आहे. ‘ली’ आणि ‘स’ एवढ्यात हे सगळं बसलं! चिनी क्रियापद पुरुष, लिंग, वचन यांनुसार बदलतच नाही. तिथे ही माहिती प्रसंगावरून कळते. म्हणून परदेशी सिनेमाचे मराठी संवाद लिहिणाऱ्याला नुसता कागद पुरत नाही. पडद्यावर कोण कोणाशी बोलतंय हे पाहिल्याशिवाय ‘जेवलास’, ‘जेवलीस’ की ‘जेवलात’ हे ठरत नाही.

तुर्की याहून पुढे जाते. ‘गेल्मेमिश्लेर’ या एका शब्दाचा अर्थ ‘ते आले नाहीत म्हणे’. नकार, अनेकवचन आणि ‘मी स्वतः पाहिलेलं नाही’ ही कबुलीसुद्धा प्रत्ययांत. आपण ती कबुली ‘म्हणे’वर भागवतो.

छोटं वाक्य उद्धट वाटतं, हेही सगळीकडे खरं नाही. ‘बस’ आणि ‘बसा’ यांत फरक एका कान्याचा, पण मान त्या कान्यातच आहे. घरी आलेल्या पाहुण्याला ‘कृपया बसा’ म्हणून पाहा. आपण चुकून सरकारी कचेरीत आलो की काय, असं त्याला वाटेल.

लॅटिनमध्ये एकट्या माणसाला ‘जा’ म्हणायला ‘ई’ हा नुसता स्वर पुरतो. आपलं ‘ये’ फार मागे नाही.

तेव्हा गुरुजी, वहीत ‘उजाडलं.’ एवढंच वाक्य दिसलं, तर गुण कापू नका.