उडत्या शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव लागते. गावाभोवती मराठवाड्याची काळीभोर जमीन पसरलेली आहे. हिवाळ्यात या भागातील शिवारे ज्वारीने आणि हरभऱ्याने बहरतात व आकाश निरभ्र असते. अशा वेळी बांधावर उभे राहून वर पाहिले, तर पंख न हलवता संथपणे घिरट्या घालणारा एखादा पक्षी दृष्टीस पडतो. पाहणारा सहज म्हणतो, “घार आहे.” परंतु प्रत्येक वेळी ती घारच असते असे नाही.

घारीची शेपटी मागच्या बाजूस दुभंगलेली असते. कापशी तिच्याहून लहान व राखी-पांढऱ्या रंगाची असून तिच्या खांद्यावर काळा डाग असतो. सापमार गरुडाचे डोके मोठे असते व अंगाची खालची बाजू फिकट असते. भोवत्या हा हिवाळी पाहुणा मध्य आशियाकडून येतो आणि पिकांवरून अगदी खालून, डोलत डोलत उडतो. या खुणा पुस्तकात वाचणे सोपे. परंतु आकाशात पक्षी क्षणात निघून जातो आणि डोळ्यांना केवळ एक काळी आकृती दिसते. तो क्षण धरून ठेवण्याचे साधन म्हणजे छायाचित्र.

उडता पक्षी छायाचित्रात पकडण्याचा ध्यास शास्त्रज्ञांना फार पूर्वीच लागला होता. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. नेम धरून चाप ओढला, की गोळी सुटत नसे. आतील काच फिरे व तिच्यावर एका सेकंदात बारा चित्रे उमटत. पंख वर-खाली होताना कसे वळतात, हे त्या चित्रांमुळे माणसाला प्रथमच नीट पाहता आले.

आजचे कॅमेरे याहून कितीतरी वेगवान आहेत. त्यांच्या वेगाची आवश्यकता एका साध्या गणितावरून समजेल. एखादा पक्षी सेकंदाला दहा मीटर वेगाने उडत आहे असे धरा. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात पक्षी दहा सेंटिमीटर पुढे सरकेल आणि चित्र पुसट येईल. तोच पडदा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरता उघडला, तर पक्षी केवळ पाच मिलिमीटर सरकेल आणि पिसे स्पष्ट उमटतील. मात्र पडदा इतका थोडा वेळ उघडल्याने आत प्रकाशही थोडाच येतो. म्हणून अशा छायाचित्रांना स्वच्छ ऊन लागते. पक्षी दूर असल्यामुळे दूरचे जवळ दाखवणारे लांब भिंगही लागते.

ऊन कोठून येते यालाही महत्त्व आहे. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर प्रकाश पडतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पंखांच्या खालच्या बाजूलाही पोहोचते. दुपारी सूर्य डोक्यावर आला, की ती बाजू सावलीत जाते. आणखी एक अडचण म्हणजे उजळ आकाश. त्याच्या लखलखाटाने कॅमेऱ्याचा प्रकाश मोजण्याचा अंदाज चुकतो आणि पक्षी काळाठिक्कर येतो. जाणता छायाचित्रकार अशा वेळी प्रकाश थोडा वाढवून घेतो.

परंतु उत्तम भिंग हाती असले, तरी पक्ष्याचा स्वभाव ठाऊक नसेल तर ते व्यर्थ होय. पक्षी बहुधा वाऱ्याला सामोरा होऊन उतरतो व वाऱ्याला सामोराच झेप घेतो. म्हणून वारा पाठीवर घेऊन उभे राहिल्यास त्याचा चेहरा आपल्याकडे येण्याचा संभव अधिक असतो. दिवस वर आला, की काळी जमीन तापू लागते आणि तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते. या वर जाणाऱ्या हवेवर पंख पसरून गरुड श्रमाशिवाय उंच जातो. तेव्हा तो उंच जाण्यापूर्वीच तेथे हजर राहावे लागते. कापशीची तऱ्हा निराळी. ती तारेवर बसून शिवार न्याहाळते, मग हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबते आणि उंदीर दिसताच पाय खाली सोडून उतरते. ज्याला ही सवय माहीत आहे, त्याचा कॅमेरा ती झेप घेण्यापूर्वीच सज्ज असतो.

नेम धरण्याचीही एक रीत आहे. पाय जमिनीवर घट्ट रोवावेत, कोपरे अंगाशी धरावीत आणि कमरेपासून वरचे शरीर पक्ष्याच्या गतीने वळवावे. पक्षी दूर असतानाच त्याचा माग धरावा. अगदी समोर आल्यावर धावपळ केल्यास चौकटीत केवळ रिकामे आकाश उरते. पक्ष्याचा डोळा स्पष्ट यावा आणि तो ज्या दिशेने उडत आहे तिकडे चित्रात मोकळी जागा राहावी. इतके सांभाळूनही शेकडो चित्रांतून एखादेच मनासारखे उतरते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९३० च्या दशकात थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पक्ष्याची निश्चित ओळख पटवण्यासाठी बंदुकीने टिपलेले नमुने गोळा करीत. आज पुष्कळदा एक स्पष्ट छायाचित्र तेच काम करते आणि पक्षी आपल्या वाटेने उडत राहतो. चित्राखाली स्थळ व दिनांक लिहिला, की तो एक पुरावा होतो. असे पुरावे आवश्यक आहेत. कारण एके काळी भारतात गिधाडे सर्वत्र दिसत. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक नावाचे औषध त्यास कारण होते, हे पुढे उघड झाले आणि २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. जो पक्षी आज नित्याचा वाटतो, तो उद्या दिसेलच असे नाही.

म्हणूनच छायाचित्राच्या लोभाने पक्ष्याला त्रास देणे हा मोठा अपराध होय. घरट्याजवळ माणूस घुटमळला, तर आईबाप दूर जातात आणि पिल्ले उन्हात तळमळतात. भोवत्या रात्री माळावरील गवतात, जमिनीवर झोपतात. त्यांना उठवून उडवणे हे निर्दयपणाचे आहे. पक्षी आपल्याकडे पाहून अस्वस्थ झाला, की मागे सरावे. चित्र न मिळाले तरी चालेल.

मुलांनो, तुमच्याजवळ कॅमेरा नसला तरी हा अभ्यास अडत नाही. जाड कागदाची एक नळी करा आणि उडणारी घार तिच्यातून सुटू न देता किती वेळ पाहता येते, ते अजमावा. मात्र सूर्याकडे कधीही पाहू नका. शेपटीचा आकार, पंखांची ठेवण, उडण्याची तऱ्हा, दिवस आणि वेळ वहीत लिहून ठेवा. काही आठवड्यांनी शिवारावरच्या आकाशात घिरट्या घालणारा पक्षी पाहून तुम्ही केवळ “घार आहे” असे म्हणणार नाही; तो कोण आहे, कोठून आला आहे आणि कशाच्या शोधात आहे, हे तुम्हांला सांगता येईल.