‘ॲव्हरेज किती देते?’ : ब्रँड बदलून रोड बाइक घेताना

हिंगोलीत कुणी ‘बाइक घेतली’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे मोटारसायकल येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ पायडल मारून चालवायची, वाकड्या हँडलची, बारीक टायरची सायकल एवढी महाग का, हे सांगता सांगता घेणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. त्यात घरात एकच कंपनी चालत आलेली असेल, तर पेच आणखी वाढतो. आजोबांची ॲटलास, वडिलांची ॲटलास; आता तिसऱ्याच नावाची सायकल आणायची म्हणजे सोयरिक मोडल्यासारखे वाटते. अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात, पण त्यांतले बरेचसे ऐकीव असतात.

गैरसमज १ : जुने नाव म्हणजे कायमची खात्री

वस्तुस्थिती : ॲटलासचेच पाहा. १९५१ मध्ये हरियाणातल्या सोनीपत इथे सुरू झालेल्या या कंपनीची काळी सायकल महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली होती. पुढे मध्य प्रदेशातल्या मालनपूरचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला, सोनीपतचा २०१८ मध्ये. उरलेल्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम ३ जून २०२० रोजी थांबले. तो नेमका जागतिक सायकल दिन होता.

नाव टिकले तरी त्यामागची कंपनी तीच राहील, असेही नाही. ‘बीएसए’ ही अक्षरे मूळची बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची. भारतात या नावाची सायकल चेन्नईच्या मुरुगप्पा समूहातली टीआय सायकल्स बनवते. फायरफॉक्स २०१५ मध्ये लुधियानाच्या हीरो सायकल्सने विकत घेतली. तैवानची जायंट १९७२ मध्ये सुरू झाली, ती अमेरिकेच्या श्विनसारख्या ब्रँडना सायकली बनवून देत असे. स्वतःच्या नावाने ती १९८१ पासून विकू लागली. फ्रेमवर चिकटवलेले नाव आणि ती फ्रेम जोडणारा कारखाना, या दोन गोष्टी अनेकदा वेगळ्या असतात.

गैरसमज २ : कंपनी बदलली की सायकलीतले सगळेच नवे शिकावे लागते

वस्तुस्थिती : सायकल कंपनी मुख्यतः फ्रेम आणि चिमटा ठरवते. गिअर, चेन, ब्रेक आणि हँडलवरचे लिव्हर बहुधा बाहेरून येतात. रोड बाइकच्या जगात त्यासाठी तीन मोठी नावे आहेत : जपानच्या साकाई शहरातली शिमानो (१९२१), इटलीतल्या व्हिचेन्झाची कॅम्पान्योलो (१९३३) आणि शिकागोची स्रॅम (१९८७). शिमानोच्या सुरुवातीच्या श्रेणींत क्लॅरिसला मागे आठ चकत्या असतात, सोराला नऊ, टियाग्राला दहा. दोन वेगळ्या ब्रँडच्या सायकलींवर सोराच असेल, तर गिअर बदलायची बोटांची सवय जशीच्या तशी कामी येते. म्हणून किंमत ताडताना आधी गिअरवरचा शब्द वाचावा, मग फ्रेमवरचा.

गैरसमज ३ : आधीची ५४ नंबरची होती, म्हणजे नवीही ५४ नंबरचीच हवी

वस्तुस्थिती : चपलेचा नंबर कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे होतो, तसेच इथेही होते. कुणी सीटची नळी वरच्या टोकापर्यंत मोजते, कुणी वरच्या दांडीच्या मध्यापर्यंत. नळ्यांचे कोनही वेगळे असतात. काळ्या सायकलीत ‘बावीस इंची’ किंवा ‘चोवीस इंची’ एवढे सांगून भागायचे. रोड बाइकवर माणूस पुढे झुकून तासन्‌तास बसतो. तिथे दोन सेंटिमीटरची चूक कंबरेला आणि मानेला कळते.

माप घरीच घेता येते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखे वर दाबून धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की क्रँक ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची अंदाजे उंची मिळते. पाय ८० सेंटिमीटर भरला, तर सीट ७०.६ वर. हे सूत्र सुरुवातीपुरते. पुढचा बदल गुडघे सुचवतात. जुनी सायकल अंगाला बसली असेल, तर ती विकण्याआधी तिची सीटची उंची आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर वहीत उतरवून ठेवावे. नव्या दुकानात हा कागद ब्रँडपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गैरसमज ४ : अठ्ठावीसचा टायर कुठलाही बसतो

वस्तुस्थिती : इथे हमखास फसगत होते. काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ज्या रिमवर बसतो, तिचा टायर अडकवायच्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. रोड बाइकच्या ७००सी रिमलाही काही जण ‘अठ्ठावीस इंची’ म्हणतात, पण तिचा व्यास ६२२ मिलिमीटर. फरक १३ मिलिमीटरचा, आणि तेवढ्यात टायर बसतच नाही.

व्हॉल्व्हही वेगळा. जुन्या ट्यूबला रबरी वॉलट्यूब असते. रोड बाइकच्या ट्यूबला अनेकदा बारीक, टोकाला पितळी स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह. कोपऱ्यावरच्या दुकानातला पंप त्याला थेट लागत नाही. काही रुपयांचे पितळी ॲडॅप्टर आणि एक जादा ट्यूब सीटखालच्या पिशवीत असली की रस्त्यात हात जोडायची वेळ येत नाही.

गैरसमज ५ : टायर जितका बारीक, तितका वेग जास्त

वस्तुस्थिती : व्यावसायिक शर्यतींतही २३ मिलिमीटरचे टायर मागे पडून २५, २८ आणि त्याहून रुंद टायर आले. सारख्या हवेत रुंद टायर जमिनीला आखूड आणि आडव्या पट्ट्यात टेकतो, त्यामुळे तो कमी दबतो आणि कमी ताकद खातो. खडबडीत रस्त्यावर तर खूप हवा भरलेला बारीक टायर प्रत्येक खड्ड्यावर उडतो आणि पायाने लावलेले बळ हादऱ्यांत जाते.

मराठवाड्यात याला मातीचे कारण जोडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचे डांबर तिच्यासोबत वरखाली होते. कडेला बाभळीचे काटे पडलेले असतातच. त्यामुळे हिंगोली-औंढा किंवा कळमनुरीकडे जाणाऱ्याने ‘या फ्रेममध्ये ३० किंवा ३२ चा टायर मावतो का?’ हे खरेदीच्या वेळीच विचारावे. आतून काटेरोधक पट्टा असलेला टायर थोडा जड असतो, पण सकाळी साडेसहाला रस्त्याकडेला बसून काटा शोधण्यापेक्षा परवडतो.

गैरसमज ६ : एक किलो हलकी मिळाली की वाऱ्यासारखी पळेल

वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवले आहे. सुरुवातीची रोड बाइक दहा-अकरा किलोची असते. पण चालवणारा ७० किलोचा, सायकल १० ची, पाण्याच्या बाटल्या वगैरे दोन किलो. या ८२ किलोंतून एक किलो कमी झाला, तर चढावरही फरक साधारण सव्वा टक्क्याचा. सपाटीवर तर खरा अडथळा हवेचा. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. कोपर थोडे वाकवून खाली झुकणे फुकट असते, हलकी फ्रेम नाही.

गैरसमज ७ : रोड बाइक शर्यतीवाल्यांचीच

वस्तुस्थिती : महाराष्ट्राने शर्यतीवालेही दिले. २०१७ च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी जवळपास ४,८०० किलोमीटरचे अंतर एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केले. पण याच सायकलीवर ‘ब्रेव्हे’ नावाचा दुसरा प्रकारही चालतो. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत संपवायचे एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-नाश्ता-पंक्चर धरून ताशी १५ किलोमीटरही नाहीत. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाला हे एक उत्तर देता येते.

उरली फ्रेमची ‘आजीवन’ हमी. ती बहुधा पहिल्या मालकापुरती आणि फ्रेमपुरतीच असते. चेन, टायर, ब्रेकचे रबर तिच्यात धरत नाहीत. शिवाय नव्या सायकलीच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि गिअर अडखळू लागतात. कॉटर ठोकून बसवणाऱ्या आणि रिमचा आउट डोळ्यांनी काढणाऱ्या आपल्या मिस्त्रीला ही सेटिंग जमेल का, की त्यासाठी नांदेडला जावे लागेल, हे पैसे मोजण्याआधी त्यालाच दुकानात सोबत नेऊन विचारलेले बरे.

मग पहिल्या रविवारी हिंगोलीहून औंढ्यापर्यंत, साधारण पंचवीस किलोमीटर, जाऊन यावे. खिशात ॲलन की ठेवावी. गुडघा पुढून दुखला तर सीट पाच मिलिमीटर वर, मागून ओढला तर तेवढीच खाली. आणि आकडा त्याच वहीत, जुन्या सायकलीच्या मापाशेजारी.