नऊ व्होल्टचे गैरसमज

पावसाळा सरला की पालीच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील लटकू लागतात, आणि त्याच सुमाराला माझ्या ओट्यावर उघडे डबे घेऊन पोरं येऊ लागतात. पुढे नाताळ असतो, लग्नं असतात, हळदी असतात. कोणी चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो, कोणी उत्तनच्या बेंजो पार्टीत. डब्यात गुंतलेल्या वायरी, खाली चार-पाच स्विच, आणि ठरलेलं वाक्य: "अंकल, सगळं व्हिडिओत दाखवलं तसं जोडलंय, पण नुसतं घूंऽऽ येतं."

घरी मल्टी-इफेक्ट पेडलबोर्ड बनवणं अवघड नाही. अवघड असतं ते आधी ऐकलेलं विसरणं.

सुरुवात पैशापासून करतो, कारण पोरंही तिथूनच करतात. घरी बनवलं की स्वस्त पडतं, हा पहिला समज. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात, तर ४५५८ ही ऑप-अँप चिप कटिंग चहाच्या भावात मिळते. रेझिस्टर-कपॅसिटर तर मूठभर घ्या. पण पायाने दाबायचा नऊ पायांचा स्विच त्या चिपच्या कित्येक पट महाग असतो. मग जॅक, पॉट, ॲल्युमिनियमचा डबा, पॅच केबल, अडॅप्टर. आवाज घडवणारा भाग सगळ्यात स्वस्त आणि लाथा खाणारा भाग सगळ्यात महाग, असा हा धंदा आहे. पाच-सहा इफेक्ट एकत्र हवे असतील तर बाजारातला साधा तयार प्रोसेसर बहुतेक वेळा स्वस्त पडेल. घरी बनवायचं ते आपल्याला हवा तसा आवाज मिळावा म्हणून, आणि बिघडलं तर स्वतः दुरुस्त करता यावं म्हणून. भर हळदीत बोर्ड बंद पडल्यावर दुसऱ्या कारणाची किंमत कळते.

चिपचा विषय निघालाच आहे. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे ड्राइव्ह पेडल १९७९ साली आलं, आणि त्यातल्या ४५५८ चिपला काही लोक देव्हाऱ्यात बसवून आहेत. जुनी जपानी चिप मिळावी म्हणून पोरं महिनोन्महिने थांबतात. खरं म्हणजे ट्यूब स्क्रीमरच्या टीएस ८०८ आणि नंतरच्या टीएस ९ या मॉडेलांची सर्किटं जवळजवळ सारखीच आहेत. ठळक फरक आउटपुटपाशी असलेल्या दोन रेझिस्टरांचा. त्या पेडलची ओळख ठरते ती चिपच्या फीडबॅकमधल्या डायोडांवर, आणि बेस किती कापला जातो हे ठरवणाऱ्या एका कपॅसिटरवर. हे भाग बदलून पाहा, फरक लगेच ऐकू येईल. चिपसाठी सॉकेट लावा आणि तीन वेगवेगळ्या चिपा डोळे मिटून ऐका. मी ऐकल्या आहेत. एकाही वेळी छातीठोकपणे सांगू शकलो नाही.

'ॲनालॉग म्हणजे खरा, डिजिटल म्हणजे खोटा' याबद्दल थोडक्यातच सांगतो. घरी बनवलेल्या बहुतेक डिलेंच्या पोटात पीटी २३९९ ही चिप असते. ती मूळची कराओकेच्या इकोसाठी बनलेली, आणि आतून डिजिटल आहे. तिचा सूर थोडा मळकट असतो, डिलेचा वेळ वाढवाल तसा आणखी मळतो, आणि त्या मळालाच लोक ॲनालॉगचा गोडवा म्हणतात. ती पाच व्होल्टवर चालते एवढं मात्र विसरू नका. मधे रेग्युलेटर न लावता नऊ व्होल्ट दिले की गोडवा आणि चिप दोन्ही जातात.

डिजिटलवाल्यांचाही एक समज आहे: रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर बोर्ड बनवला की सूर उशिरा येतोच. हिशोब करून बघा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर धरला, तर एका बफरला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक, वर रूपांतराचा थोडा वेळ, म्हणजे एकूण सातेक मिलिसेकंद. हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे हा उशीर अँपपासून अडीच मीटरवर उभं राहण्याएवढाच. लग्नाच्या स्टेजवर यापेक्षा लांब उभे असता, तेव्हा कोणी तक्रार करत नाही. तक्रार करायचीच तर इनपुटची करा. गिटारची केबल सरळ माइकच्या जॅकमध्ये खुपसली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. पिकअपला पुढे सुमारे एक मेगाओहमचं इनपुट लागतं, माइकच्या जॅकचं त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

यातूनच ट्रू बायपासच्या वेडाकडे येतो. पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट तारेतून जावा, ही कल्पना कानाला फार शुद्ध वाटते. म्हणून प्रत्येक पेडल ट्रू बायपासच हवं, बफर म्हणजे भेसळ, असं मानलं जातं. पण तार म्हणजे नुसती तार नव्हे. साध्या गिटार केबलमध्ये दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. तीन मीटरची एकच केबल थेट अँपला लावली, तर अडीच हेन्रीच्या सिंगल कॉइल पिकअपचा चमकदार उंचवटा ५ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो. आता सहा मीटर केबल बोर्डापर्यंत आणि सहा मीटर बोर्डापासून अँपपर्यंत घ्या, मधली सगळी पेडलं शुद्ध बायपासमध्ये ठेवा. तोच उंचवटा खाली २.८ किलोहर्ट्झच्या घरात येतो. तारांचा खणखणीतपणा गेला, आणि दोष मिळतो बिचाऱ्या पिकअपला. सुरुवातीला एक चांगला बफर असला की पुढच्या केबलींचं ओझं गिटारवर पडत नाही. अपवाद जुन्या धाटणीच्या फझचा. १९६६ च्या फझ फेसच्या घराण्यातली पेडलं थेट गिटारलाच जोडलेली बरी. आधी बफर आला की ती चिरकतात आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज निवळण्याची त्यांची खुबी जाते.

तेव्हा फझ सगळ्यात आधी, हे झालं. बाकी क्रमाचं काय? आधी वाह, मग ड्राइव्ह, मग कोरस, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब, हा क्रम सोयीचा आहे, पण तो काही कायदा नाही. ड्राइव्हच्या आधी रिव्हर्ब ठेवला तर आवाजाची भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीवर कित्येक बँडनी नाव कमावलं आहे. आमच्याकडची बेंजो पार्टी तर याहून पुढे गेली. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो १९१२ साली जपानमधल्या नागोयात जन्मला. मुंबईच्या पोरांनी त्याला पिकअप लावून गिटारच्याच प्रोसेसरातून काढलं. कोणत्या पुस्तकात तो क्रम होता?

आता करंट. घरच्या बोर्डाचे निम्म्याहून जास्त आजार इथे असतात, म्हणून जरा थांबून सांगतो. "अंकल, पेडलला दहा मिलिअँपिअर लागतात आणि अडॅप्टर हजाराचा आहे, जळेल ना?" नाही जळणार. पेडल आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढतं, अडॅप्टर तो बळजबरीने पाजत नाही. विहीर मोठी म्हणून कळशी फुटत नाही. जाळतात त्या दोन गोष्टी: जास्त व्होल्टेज आणि उलटी पिन. बहुतेक पेडलांच्या जॅकमध्ये मधली पिन निगेटिव्ह असते, पण घरात पडलेल्या राउटरच्या किंवा खेळण्याच्या अडॅप्टरमध्ये बहुधा ती पॉझिटिव्ह असते. अशाच एका अडॅप्टरने मी स्वतःचा कोरस नाताळच्या आदल्या संध्याकाळी गमावला. तेव्हापासून प्रत्येक सर्किटमध्ये रुपया-दोन रुपयांचा एक डायोड उलट्या पिनेसाठी पहारेकरी म्हणून बसवतो. करंटची बेरीज मात्र करा. ड्राइव्हला पाच-दहा मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल रिव्हर्ब एकटाच दोनशे मागू शकतो. बेरजेवर तिसरा हिस्सा वाढवून अडॅप्टर घ्या. डिजिटल पेडल आणि जास्त गेनचा ड्राइव्ह एकाच अडॅप्टरच्या माळेतून चालवले की बारीक शिट्टी ऐकू येते. त्या डिजिटल पेडलला वेगळं, आयसोलेटेड आउटपुट द्या. ड्राइव्हची चिप बदलत बसू नका.

डब्याचंही तसंच. ॲल्युमिनियमचाच डबा हवा असं नाही, धातूचा हवा आणि तो सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला हवा. स्टीलचा जेवणाचा डबा चालतो, बिस्किटाचा पत्र्याचा डबाही चालतो. प्लॅस्टिकचा असेल तर आतून तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा आणि ती ग्राउंडला जोडा, नाहीतर ट्यूबलाइटसुद्धा गाऊ लागेल.

आणि हे खास किनाऱ्याकाठच्या लोकांसाठी. खारा वारा जॅकवर हिरवट थर चढवतो. मग आवाज खरखरतो आणि आपण सोल्डरचा डाग पुन्हा पुन्हा गरम करत बसतो. बिजागरीवर मारायचा तेलकट स्प्रे यावर औषध नाही. तेल तिथेच राहतं आणि रेती धरून ठेवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर घ्या, प्लग दहा वेळा आत-बाहेर करा. बोर्डाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पालीत राहून हे न करणं म्हणजे होडीला रंग न लावता ती पाण्यात सोडणं.

राहिला तो घूंऽऽ. बोर्ड एका सॉकेटवर आणि अँप दुसऱ्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर असला की दोन्हीकडच्या अर्थिंगचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. यावर मांडवात सर्रास एक उपाय सांगतात: अँपच्या प्लगची जाडी तिसरी पिन काढून टाक. घूंऽऽ खरंच थांबतं, म्हणून तर हा समज मरत नाही. पण त्या पिनेचं काम आवाजाचं नाहीच. अँपच्या आत २३० व्होल्टची तार पत्र्याला लागली तर फ्यूज उडावा म्हणून ती असते. ती नसताना तार लागली की तो पत्रा, गिटारच्या तारा आणि तुमची बोटं एकाच व्होल्टेजवर येतात, आणि समोरचा माइक अर्थला असतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. आमच्याकडे तर मांडव ओल्या वाळूत असतो आणि पाय अनवाणी.

बोर्ड आणि अँप एकाच एक्स्टेंशनवर घ्या. तरीही गुणगुण राहिली तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावा आणि ग्राउंड सिग्नलच्या बाजूने उचला. मांडववाल्याच्या बोर्डात अर्थिंग आहे की नाही, हे वाजवायला बसण्याआधी त्याच्या इलेक्ट्रिशियनला तपासून दाखवायला सांगा. नसेल, तर त्या दिवशी साध्या लाकडी गिटारवर वाजवा.