छत्री जुनी, ऊन ताजं

जळगाव-धुळ्याच्या एखाद्या अनोळखी गावात दिशा कळेनाशी झाली, तर मान वर करा. धाब्याधाब्यावरच्या डिशच्या छत्र्या आग्नेय ते दक्षिण याच पट्ट्यात तोंड करून असतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जळगावातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश उंचीवर येतो. केबल तुटलेली, गंजलेली छत्रीही वाऱ्याने फिरली नसेल तर दिशा बरोबर दाखवते. जुन्या डिशचा हा पहिला उपयोग, त्यासाठी एक स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही.

पण खानदेशात डिश भंगारात जाऊ देऊ नये, याचं खरं कारण इथलं ऊन. डिशचा आकार अन्वस्त असतो. समांतर येणारं सगळं ती एका बिंदूत गोळा करते, मग त्या रेडिओ लहरी असोत की सूर्यकिरण. ६० सेंटिमीटरच्या डीटीएच डिशवर भर दुपारी सुमारे २८० वॉट ऊन पडतं. निम्मं वाया गेलं असं धरलं तरी लिटरभर पाणी पाऊण तासाच्या आत उकळावं. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांनी लावलेली आठ फुटी भरीव छत्री मिळाली, तर हाच आकडा साडेचार किलोवॉटवर जातो. बिबड्यांच्या घाट्याचं आधण सहज निघेल!

कृती सोपी. आधी दांड्याच्या टोकावरचा एलएनबी, म्हणजे लहरी टिपणारा डबा, काढा, नाहीतर त्याचं प्लास्टिक वितळेल. थाळीवर आरशासारख्या फिल्मच्या किंवा वेफर्सच्या पाकिटांच्या चकचकीत आतल्या बाजूच्या अरुंद पट्ट्या चिकटवा. पट्टी अरुंद असली की सुरकुत्या कमी पडतात. उष्णतेचा बिंदू शोधत बसायचं कारण नाही, एलएनबी होता तिथेच तो असतो. डीटीएचची थाळी तिरक्या बांधणीची असल्यामुळे ती सूर्यावर नीट रोखली गेली की दांड्याच्या टोकाची सावली मधोमध न पडता खालच्या कडेशी पडते. ही खूण लक्षात ठेवा आणि त्या टोकाशी बाहेरून काळं केलेलं छोटं भांडं टांगा. त्या बिंदूजवळ हात किंवा चेहरा नेऊ नका, गडद गॉगल लावा. काम झालं की थाळीवर गोणपाट टाकून तिचं तोंड भिंतीकडे करा. उघडी राहिलेली चकचकीत डिश शेजारच्या कडब्याला आग लावू शकते.

या विद्येचं एक माहेर खुद्द धुळ्यात आहे. प्रा. अजय चांडक यांनी ‘प्रिन्स’ नावाचे अन्वस्त सौर कुकर इथेच विकसित केले. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये अशाच तत्त्वावरच्या ७३ मोठ्या डिश बसल्या. त्यांच्यावर तयार होणाऱ्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. जुनी छत्री या घराण्यातलीच, फक्त आकाराने धाकटी.

जाळीची डिश मात्र ऊन गोळा करत नाही, कारण प्रकाश भोकांतून निसटतो. टीव्हीची लहर काही सेंटिमीटर लांबीची असल्याने तिला बारीक भोकं जाणवतच नाहीत. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगात इस्रोने देशातल्या २,४०० गावांत टीव्ही पोहोचवला, तो कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर अँटेनांवर. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशही तारांच्या जाळीच्याच. तेव्हा केबलची जाळीदार छत्री उताणी न ठेवता पालथी करून खांबावर बसवा आणि गिलक्याचा वेल चढवा. वेलाला आधार मिळतो, गिलकी खाली लोंबतात आणि तोडायला सोपी जातात. किंवा थेट जमिनीवर पालथी घाला, की कोंबड्यांचं डालं तयार!

पाखरांसाठी पाणी ठेवायचं असेल, तर भरीव थाळी हवी. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की उन्हातल्या पत्र्यावरचं पाणी चटके देतं. म्हणून थाळी निंबाच्या सावलीत ठेवा, आत सिमेंटचा पातळ थर द्या आणि चिमण्यांना उभं राहायला दोन दगड टाका.

आवाज गोळा करण्याचा उपयोग मला सगळ्यांत आवडतो. एलएनबीच्या जागी छोटा माइक थाळीकडे तोंड करून बसवला, की दूरच्या पक्ष्याचा आवाज जवळ येतो. नामशेष मानलेला वनपिंगळा ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये पुन्हा दिसला तो इथेच, शहाद्याजवळच्या सातपुड्यात. यावलच्या जंगलातही तो आहे. हे घुबड दिवसाही वावरतं. पहाटे डोंगरात बसून त्याची साद टिपायला भंगारातली थाळी पुरते. गावागावांतल्या पक्षीमित्रांनी हे करून पाहावंच.

आणि शाळांसाठी एक प्रयोग. इथे एलएनबी जागेवर ठेवा, थाळी मात्र न चमकवलेलीच घ्या. डिशवाल्याकडचा ‘सॅट फाइंडर’ मीटर तिला जोडा आणि ती मोकळ्या आकाशाकडून सावकाश सूर्याकडे वळवा. काटा चढतो, कारण सूर्य रेडिओ लहरीही सोडतो. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस टीव्हीचं चित्र काही मिनिटं फुटतं, त्याचं कारणही हेच: सूर्य उपग्रहाच्या अगदी मागे येतो. आता डिश समोरच्या भिंतीवर रोखा. काटा पुन्हा चढेल, कारण थंड आकाशापेक्षा भिंत ऊबदार असते. सातवीच्या पोरांना हा खेळ लगेच जमतो.